कुरडयांसाठी ऊन शोधताना: शिरूर अनंतपाळ ते धर्माबाद

एप्रिल संपत आला की ब्लॉगवर ठरलेला प्रश्न येतो, "ताई, उन्हाळ्यात मराठवाड्यात यावं का? हवामान कसं असेल?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. सकाळी छान, दहानंतर घरात बसा, चारला चहा प्या, आणि संध्याकाळी आभाळ काय करेल ते आभाळालाच विचारा. एवढं सांगून मी स्वतः मे महिन्यात नांदेडच्या घरात कूलरसमोर पाय पसरून बसते. यंदा मात्र ऐन मे महिन्यात गाडी काढावी लागली, तीही उन्हापासून पळायला नाही, ऊन गाठायला. म्हणून हा प्रवास लिहून ठेवते आहे.

झालं असं की सुमनमावशीचा फोन आला. मावशी लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळला राहते. तिची एकुलती एक मुलगी पल्लवी हिचं लग्न गेल्या हिवाळ्यात झालं. जावई नितीन मस्कतला नोकरीला, तो पुढे गेला आणि पल्लवीचे कागद आता कुठे झाले.

"वैशे, पोरगी आठवड्यानं जायलीय," मावशी म्हणाली. "तिच्यासंगं घरच्या कुरड्या द्यायच्यात. माझ्या एकटीच्यानं साचा दाबणं व्हत न्हाई आता. येतीस का?"

"विकत घेऊ की मावशी. नांदेडला काय सुंदर मिळतात."

"विकतच्या तर तिकडंबी मिळत असतील," असं म्हणून तिने फोन ठेवला. मावशीच्या भाषेत याचा अर्थ 'उद्या निघ' असा होतो.

पहिला मुक्काम: शिरूर अनंतपाळ

नांदेडहून पहाटे निघा, हा पहिला सल्ला. लोहा, अहमदपूर, चाकूर, मग नळेगाववरून शिरूर अनंतपाळ. नकाशात नुसतं 'शिरूर' टाकू नका, वाटेवरच्या शिरूर ताजबंदला उतराल आणि तिथले लोक प्रेमाने चहा पाजून तुम्हाला परत पाठवतील. अहमदपूरपर्यंत रस्ता चांगला आहे. नळेगावकडे वळल्यावर मधेमधे काम चालू होतं, तिथे धूळ खायची तयारी ठेवा. चाकूरला टरबूजवाले रस्त्याच्या कडेला बसलेले असतात. दोन घेतली, एक वाटेतच संपलं, कारण मी एकटी होते आणि विचारणारं कुणी नव्हतं.

मावशीच्या ओसरीवर पोचले तेव्हा गहू निवडून ठेवलेले होते. ज्यांनी कुरडई फक्त ताटात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी वाटून, गाळून चीक काढायचा, म्हणजे पांढरंशुभ्र सत्त्व. तो रात्रभर निवळू द्यायचा आणि चौथ्या दिवशी सकाळी शिजवून गरम गरम साच्यातून कुरडया उन्हात घालायच्या. म्हणजे गहू ज्या दिवशी पाण्यात पडतो त्या दिवशीच चौथ्या दिवसाचं ऊन नक्की असावं लागतं. मधेच ढग आले म्हणून चीक थांबत नाही, आंबून जातो. आणि पल्लवीचं हैदराबादहून विमान होतं पाचव्या दिवशी रात्री. हुकलं तर दुसरा घाणा घालायला वेळच नव्हता.

"पल्ले, बघ की गं तुझ्या फोनमंदी," मावशी म्हणाली. "चार दिस ऊन हाय का?"

माझ्या फोनला मावशीच्या घरात रेंज येत नाही, माळवदावर चढावं लागतं. एरवी हवामानाचं खातं माझ्याकडे असतं, पण चार तास गाडी चालवून शिडी चढायचा कंटाळा आला. पल्लवीने फोन उघडला. तिच्या खांद्यावरून मीही डोकावले. पिवळ्याधमक सूर्यांची ओळ लागली होती, आकडे बेचाळीस, त्रेचाळीस असे अगदी आमच्या घरचे.

"कडक ऊन आहे आई. ढगाचं नावसुद्धा नाही."

मावशीने वर आभाळाकडे पाहिलं, तिथेही ढग नव्हता. गहू पाण्यात गेले.

ओसरीवरचे तीन दिवस

दुपारभर बाहेर पाय टाकायची सोय नव्हती, म्हणून ओसरीवर पल्लवी आम्हाला ओमानचा उन्हाळा वाचून दाखवायची. तिथल्या उन्हाळ्याचा अंदाज तिने पाठच केला होता. मस्कत समुद्रकाठी, तिथे उकाडा आणि दमट हवा. पाठीमागे डोंगर, वर चढलं की हवा निम्मी थंड, डाळिंबाच्या बागा. आतल्या बाजूला वाळवंट, तिथे पारा विचारू नका. आणि पार दक्षिणेला एक गाव, तिथे म्हणे ऐन उन्हाळ्यात भुरभुर पाऊस आणि हिरवळ.

"समिंदर, डोंगर आन वाळवंट, सगळं एकाच देशात?" मावशीने विचारलं.

"हो आई. दोन-तीन तासांत इकडून तिकडे."

मावशीने जरा विचार केला. "मंग समिंदराकाठी वाळवण नको घालूस, चिघळंल. वाळवंटात घाल. डोंगरावर नुसतं फिरायला जा."

एका देशाच्या हवामानाचा इतका उपयोगी सारांश मी तरी कुठे वाचलेला नाही. आम्ही खूप हसलो. मावशी हसली नाही, तिने ते मनापासून सांगितलं होतं. गेले काही दिवस ती पल्लवीशी जे काही बोलत होती ते असंच होतं: तेल किती, मीठ कधी, डबा कुठला. जाण्याबद्दल एक शब्द नाही. पल्लवी विषय काढायला गेली की मावशीला गव्हाचं पाणी बदलायचं आठवायचं.

तिसऱ्या दिवशी गहू वाटले, गाळले. हात कोपरापर्यंत पांढरे झाले. चीक मोठ्या स्टीलच्या डब्यात निवळायला ठेवला आणि आम्ही चहाचं आधण ठेवलं, तोच औशाच्या बाजूने वारं सुटलं. शेजारच्या गोठ्याचे पत्रे वाजायला लागले. बघता बघता पश्चिम काळी झाली आणि वीज चमकली.

"हे काय गं?" मावशी अंगणात आली.

"फोनवर तर ऊनच आहे उद्या," पल्लवी म्हणाली आणि पुरावा म्हणून फोन पुढे केला.

मी तो हातात घेतला. सूर्यांची ओळ तशीच होती. त्या ओळीच्या वर, बारीक अक्षरांत, गावाचं नाव होतं. मस्कत.

नितीन गेल्यापासून पल्लवी रोज उठल्यावर तिथलं हवामान बघायची. तिच्या फोनमध्ये तेच गाव लावलेलं राहिलं, आणि तिच्या डोक्यातही. तीन दिवस आम्ही मस्कतच्या उन्हावर शिरूरचे गहू भिजवत होतो. मला हसू फुटलं, पण मावशीचा चेहरा पाहिला आणि ते आवरलं.

"म्हंजी हितलं आभाळ बघायचं ध्यानातबी आलं न्हाई तुला," मावशी हळू आवाजात म्हणाली. "बरं हाय. मन लवकर लागंल तिकडं."

"आई, असं काय बोलतेस? चुकून झालं."

"मी कुठं काय म्हणायले? चीक म्हशीला घाला सकाळी." मावशी आत गेली. पल्लवी दाराला टेकून मुसमुसायला लागली. अंगणात टपोरे थेंब पडले, आणि चहा उतू गेला.

मला दोघींची समजूत घालणं जमत नाही. मला गाडी चालवता येते. शिडी लावली, माळवदावर चढले, छत्री धरून रेंज पकडली आणि यावेळी गावाचं नाव आधी वाचून एकेक गाव तपासलं. लातूर, ढग आणि वीज. निलंगा, तेच. उदगीर, तेच. नांदेडलाही वादळी. पूर्वेला सरकत गेले तसे ढग विरळ झाले, आणि पार तेलंगणाच्या सीमेवर, धर्माबादला, दोन्ही दिवस लख्ख सूर्य.

धर्माबाद म्हणजे लाल मिरचीची पेठ. आमच्या घरची वर्षाची मिरची तिथल्या हमीदभाईंकडून येते. मिरची वाळवायला त्यांच्याकडे एवढं मोठं मोकळं खळं आहे की लग्न लावावं. फोन लावला.

"हमीदभाई, उद्या थोडं ऊन मिळेल का?"

"ताई, ऊन का क्या तोटा है इधर?" ते म्हणाले. "पोतं भरून न्या. पर करायचं काय?"

मी सांगितलं. पलीकडे त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं, आणि फोन थेट शाहीनभाभींच्या हातात गेला. "मौसीला घेऊन या. आमच्याकडं मोठं पातेलं हाय, चूल हाय. साचा तेवढा आणा."

खाली येऊन जाहीर केलं की पहाटे निघायचं. पल्लवीच्या बॅगाही घ्यायच्या, कारण धर्माबादहून हैदराबादची रेल्वे मिळते आणि तिथे तिचा दीर उतरवून घ्यायला येणारच आहे. मावशीने पाठ फिरवली. पण जरा वेळाने पाहिलं तर साच्याला तेलाचं बोट लावून तो फडक्यात बांधून ठेवलेला होता.

शिरूर अनंतपाळ ते धर्माबाद

मार्ग असा: उदगीर, मुखेड, नरसी, बिलोली, मग कुंडलवाडीच्या बाजूने गोदावरी ओलांडून धर्माबाद. चार तास धरा, आणि मागच्या सीटवर चिकाचा डबा असेल तर पाच. मावशीने तो मांडीवरून खाली ठेवला नाही. प्रत्येक गतिरोधकाला "हळू!" असा आवाज यायचा. निवळलेला चीक हलला तर ढवळला जातो, आणि मराठवाड्यात न हलता प्रवास करायचा म्हणजे विमानच हवं.

उदगीरपर्यंत ओला रस्ता आणि ढग. उदगीरला सकाळी सुशीला खा, हा दुसरा सल्ला. बाहेरच्यांसाठी: भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार, वर शेंगदाण्याचं कूट. सोबत गरम भजी. तिघींचा नाश्ता आणि चहा मिळून एका कॉफीच्या पैशांत होतो. हॉटेलवाला मावशीकडे बघून म्हणाला, "मावशी, डबा खाली ठेवा की. कुणी न्हाई नेत."

"लेकराचं हाय," मावशी म्हणाली.

पल्लवीने घास तसाच धरून आईकडे पाहिलं. मग आपल्या ताटलीतली भजी आईच्या ताटलीत ठेवली आणि डबा स्वतःच्या मांडीवर घेतला. मावशीने तो दिला. एका हाताने भजी खाणं किती अवघड असतं ते तिने इतका वेळ कुणाला सांगितलं नव्हतं.

मुखेड मागे पडलं आणि ढगांतून पहिली तिरीप आली. नरसीला रस्त्यावर आमची सावली पडली. पल्लवी ओरडली, "आई, सावली!" एरवी या दिवसांत सावली दिसली की आपण तिच्यात शिरतो, आम्ही काचा खाली करून ऊन आत घेत होतो. गोदावरीच्या पुलावर पोचलो तेव्हा पात्रातली वाळू डोळ्यांना टोचत होती. मावशीने पदर डोक्यावर घेतला आणि कालपासून पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली. "हे बघ, ह्याला म्हणायचं ऊन."

धर्माबादला शिरताना पत्ता विचारायची गरज नाही. शिंका सुरू झाल्या की पेठ आली.

मिरचीच्या खळ्यात

हमीदभाईंच्या खळ्यात एका बाजूला डोळे दिपतील अशी लाल मिरची पसरलेली, कडेच्या पत्र्याखाली बायका देठ खुडत बसलेल्या. शाहीनभाभींनी चूल पेटवून आधण ठेवलेलंच होतं. मावशीने पातेलं पाहिलं, वाकून आत पाहिलं, बोटाने घासून पाहिलं, आणि मान डोलावली. शाहीनभाभी माझ्याकडे बघून हसल्या. त्यांच्याही घरी अशी एक सासू होऊन गेली असावी.

डब्यावरचं पाणी ओतलं. खाली चीक घट्ट, पांढरा, शाबूत. मावशीने वास घेतला. "आंबूस हाय, पर बिघडला न्हाई."

मग जी धांदल उडाली ती सांगता येत नाही. चीक उकळत्या पाण्यात पडला की हात थांबवायचा नाही. मावशी ढवळतेय, पल्लवी ओततेय, मी साचा भरतेय, भाभी दाबताहेत. देठ खुडणाऱ्या बायकांतल्या दोघी उठून आल्या. त्यातली एक तेलंगणातली होती, तिने आभाळाकडे बोट करून "एंडा बागा उंदी" म्हटलं. ऊन झकास आहे, असं भाभींनी सांगितलं. मावशीने तिला "हाव, लई बागा" असं उत्तर दिलं आणि दोघींची गट्टी जमली.

"वारं मिरचीकडून येऊन राहिलंय," हमीदभाईंनी लांबून सांगितलं. "प्लास्टिक मिरचीच्या पलीकडच्या अंगाला अंथरा."

आम्ही अंथरलं. दुपारी वारं फिरेल, हे हमीदभाईंनाही माहीत नव्हतं. कुरडयांवर अगदी बारीक लाल धूळ येऊन बसली, आणि ओल्या कुरडईवर बसलेलं काही निघत नाही. मावशीने एक तुकडा चाखला. आम्ही सगळे श्वास धरून.

"तिखट हाय," ती म्हणाली. आणि मग हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मिरचीचं होतं की कशाचं, कुणी विचारलं नाही. पल्लवीने तिला मागून मिठी मारली, चिकाच्या हातांनीच. "आई, तिकडे खाताना रोज शिंकेन मी."

"शिंक," मावशी म्हणाली. "शिंक आली की म्हणायचं, आई आठवण काढायलीय."

दुपारी भाभींच्या घरी खिचडी आणि खट्टा. चिंच-तिळाचं हे पातळ आंबट प्रकरण ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी उन्हाळ्यातच खावं, उन्हाचा सगळा ताप उतरतो. मावशीने दोनदा घेतलं आणि कृती विचारली, हा तिच्याकडचा मोठा मान आहे. रात्री आम्ही त्यांच्याच गच्चीवर झोपलो. तुम्ही गेलात तर स्टेशनजवळ साधे लॉज आहेत. आधी पंखा चालू करून बघा आणि मगच पैसे द्या.

निरोप

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरडया उलटल्या. दुपारपर्यंत अशा खडखडीत झाल्या की हातात घेतल्या तर वाजत. पल्लवीने बॅगेतले दोन भारी ड्रेस काढून माझ्याकडे दिले आणि त्या जागी कुरडयांचा डबा बसवला, मावशीच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून. उरलेल्यांतल्या निम्म्या भाभींना दिल्या. भाभींनी मिरची दिली. मी पैसे काढले तर हमीदभाई रागावले, म्हणून ती गोष्ट तिथेच सोडली.

धर्माबादचं स्टेशन लहानसं, शांत. गाडी यायला वेळ होता. मावशी पल्लवीला सांगत होती, तेल कडक तापू दे, कुरडई फुलली की लगेच काढ, लाल होऊ देऊ नको. पल्लवी सगळं माहीत असून मान हलवत होती. गाडी आली. बॅगा चढवल्या. पल्लवी दारात उभी राहिली.

"आई, तू काहीच नाही बोललीस."

मावशीने तिचा हात घट्ट धरला. "काय बोलू? तू जावंस असं वाटतंय आन जाऊ नयेस असंबी वाटतंय. दोन्ही खरंच हाय. जा. उन्हात टोपी घाल."

गाडी हलली. मावशी गाडीच्या डब्याबरोबर चार पावलं चालली आणि थांबली. मी तिच्या बाजूला उभी राहून खूप रडले. ती रडली नाही. परतताना नरसीच्या पुढे आम्ही रसवंतीवर थांबलो, उसाचा रस प्यायलो, आणि तिथे ती रडली. मी दुसरा ग्लास सांगितला.

घरी

आता मे संपत आला आहे. मी पुन्हा कूलरसमोर. माझ्या वाट्याच्या कुरडया तळल्या की आमचं घर शिंकतं, आणि माझा नवरा प्रत्येक वेळी विचारतो की या अशा कशा. तेव्हा उन्हाळ्यात मराठवाड्यात यावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर बदललं आहे. या. पहाटे निघा, पाणी भरपूर ठेवा, आणि अंदाज बघताना वर गावाचं नाव आधी वाचा.

काल मावशीचा फोन आला होता. तिने अंगणात सांडगे घातले होते. भर दुपारी मस्कतहून पल्लवीचा फोन, "आई, वाळवण आत घे, तुमच्याकडे पाऊस येतोय."

"मी वर बघितलं तर ढगाचा पत्ता न्हाई," मावशी सांगत होती. "म्हणलं, पल्ले, तुझा फोन पुन्हा मस्कतचंच दावायलाय बघ. तर म्हणती, न्हाई आई. इथं आल्यापासून शिरूरच लावून ठेवलंय. रोज उठलं की तेच बघती."

"मग? आला का पाऊस?"

"कशाचा पाऊस! एक थेंब न्हाई. दिवसभर रणरणतं ऊन."

"आणि सांडगे?"

"आत घेतले की सगळे," मावशी म्हणाली. "लेकरू इतक्या लांबून सांगायलंय, न्हाई कसं म्हणू?"